‘खूप छान माहिती!’ अशा अनोळखी कमेंट्स का येतात? त्यातून पैसे कोण कमावतं?

समजा, तुम्ही नवी वेबसाइट सुरू केली आणि पुरणपोळीच्या रेसिपीवर पहिलीच कमेंट आली : ‘खूप छान माहिती! मी हेच शोधत होतो.’ आनंद झाला ना? पण कमेंट करणाऱ्याचं नाव आहे ‘स्वस्त चष्मे’. त्यावर क्लिक केलं की उघडतं भलतंच ऑनलाइन दुकान. दोन दिवसांत अशा पन्नास कमेंट्स जमतात. यालाच म्हणतात कमेंट स्पॅम.

ही कमेंट नेमकी कोणासाठी असते?

तुमच्यासाठी तर नाहीच. ती असते सर्च इंजिनसाठी. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये गुगल कंपनी सुरू केली, तेव्हा तिचा पाया होता ‘पेजरँक’. एखाद्या पानाकडे किती आणि कोणत्या पानांवरून लिंक येते, यावरून त्याचं महत्त्व ठरवायचं. थोडक्यात, लिंक म्हणजे मत. मग काय, बोगस मतदान सुरू झालं! हजारो साइट्सच्या कमेंट्समध्ये आपली लिंक टाकणारे बॉट आले.

मग यावर उपाय झाला का?

झाला. जानेवारी २००५ मध्ये गुगल, याहू आणि एमएसएन यांनी ‘नोफॉलो’ ही खूण स्वीकारली. लिंकला ती असेल, तर मत धरायचं नाही. वर्डप्रेसमध्ये कमेंटमधल्या लिंकला ही खूण आपोआप लागते. २०१२ मध्ये गुगलच्या ‘पेंग्विन’ अपडेटने बोगस लिंक्सच्या जिवावर वर आलेल्या साइट्स खाली ढकलल्या.

तरीही स्पॅम थांबलेला नाही. कारण बॉटला शंभर कमेंट्स टाकायच्या काय नि लाख काय, खर्च जवळपास सारखाच. लाखातल्या दोघांनी क्लिक केलं तरी त्याचं फावतं.

वेबसाइटवर जाहिरातीचे पैसे कसे मिळतात?

यातला सगळ्यात ओळखीचा मार्ग म्हणजे २००३ मध्ये सुरू झालेलं गुगल अ‍ॅडसेन्स. मराठी साइट्सनाही ते वापरता येतं. तुम्ही जागा देता, गुगल तिथे जाहिरात दाखवतं. गुगल अ‍ॅड्सवरून आलेल्या जाहिरातीच्या रकमेतला साधारण ६८ टक्के वाटा साइटच्या मालकाला मिळतो. कमाई १० डॉलर झाली की पत्ता तपासण्यासाठी टपालाने पिन येतो. खात्यात १०० डॉलर जमेपर्यंत पैसे मात्र हातात पडत नाहीत. नव्या साइटला तिथपर्यंत पोचायला अनेक महिने लागू शकतात.

स्पॅमचा या कमाईशी काय संबंध?

इथेच खरी गोम आहे. अ‍ॅडसेन्सच्या नियमांनुसार पानावरच्या कमेंट्सची जबाबदारीही साइटच्या मालकाचीच. जुगाराच्या किंवा अश्लील लिंक्स तशाच राहिल्या, तर त्या पानावरच्या जाहिराती बंद होऊ शकतात. म्हणजे फुकटात लिंक टाकून जातो स्पॅमर आणि भुर्दंड पडतो तुम्हाला!

आणखी एक चूक अनेक जण करतात. मित्रांच्या ग्रुपवर ‘जरा जाहिरातींवर क्लिक करा रे’ असा मेसेज टाकतात. हे क्लिक अवैध धरले जातात. त्यांचे पैसे कापले जातात आणि खातंही कायमचं बंद होऊ शकतं.

बचाव कसा कराल?

• कमेंट तपासून मगच प्रसिद्ध होईल, अशी सेटिंग ठेवा.
• २००५ मध्ये आलेल्या ‘अकिस्मेट’सारखा स्पॅम गाळणारा प्लगइन वापरा.
• एकापेक्षा जास्त लिंक्स असलेल्या कमेंट्स आपोआप अडवा.
• जुन्या लेखांवरच्या कमेंट्स बंद करा.
• कौतुक वाचून हुरळू नका. कमेंटमध्ये लेखातल्या एकाही गोष्टीचा उल्लेख नसेल, तर संशय घ्या.

‘लिंक पेस्ट करा, घरबसल्या कमवा’ हे खरं असतं का?

व्हॉट्सअ‍ॅप-टेलिग्रामवर असे मेसेज फिरतात. आधी ‘रजिस्ट्रेशन फी’ मागितली, तर तिथेच थांबा. आणि फी नसली, तरी ते काम म्हणजे बहुतेकदा दुसऱ्याच्या साइटवर स्पॅम टाकणंच असतं. तुमची कमेंट कुणीतरी पुरणपोळीच्या रेसिपीखाली बसून डिलीट करत असेल!