गावातलं एकमेव ‘नाही’

१० एप्रिल १९३८. ऑस्ट्रियात, जर्मनीच्या सीमेलगत, सांक्ट राडेगुंड नावाच्या खेड्यात मतदान चाललंय. प्रश्न एकच: ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन झाला, ते तुम्हाला मान्य आहे का? हिटलरचं सैन्य महिन्याभरापूर्वीच देशात शिरलं होतं. म्हणजे लग्न लागून गेल्यावर मुलीला पसंती विचारण्यातलाच प्रकार. मतपत्रिकेवर ‘हो’साठी भलंमोठं वर्तुळ, ‘नाही’साठी लहानसं. गावाचा निकाल लागला शंभर टक्के ‘हो’. प्रत्यक्षात एक मत ‘नाही’ पडलं होतं. ते मोजलंच गेलं नाही.

ते मत फ्रान्झ येगरश्टेटर या शेतकऱ्याचं होतं. वय तीस, लग्नाला दोन वर्षं झालेली, घरी तान्ही मुलगी. हिटलर जिथे जन्मला ते ब्राउनाऊ त्याच्याच जिल्ह्यात.

संतांच्या गोष्टी ऐकताना मला एक अडचण येते. त्यांच्यातले बरेचसे पाळण्यातच संत झालेले असतात. फ्रान्झचं तसं नव्हतं. त्याची आई शेतावर राबणारी मोलकरीण. आईबापांचं लग्न झालेलं नव्हतं, आणि बाप पहिल्या महायुद्धात मारला गेला. पुढे आईने येगरश्टेटर आडनावाच्या शेतकऱ्याशी लग्न केलं आणि त्याने या पोराला आपलं नाव दिलं. पोरगा मोठा झाला तो दांडगटच. गावात पहिली मोटारसायकल आणली ती याने. तीनेक वर्षं लोखंडाच्या खाणीत काम केलं, मारामाऱ्या केल्या, लग्नाआधी एका मुलीचा बापही झाला. १९३६ मध्ये त्याने फ्रान्झिस्काशी लग्न केलं आणि नवरा-बायको मधुचंद्राला रोमला गेले. त्यानंतर तो रोज चर्चला जाऊ लागला. ‘बायकोने याला नादी लावलं,’ असं गाव म्हणू लागलं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे ते तिला फार महाग पडणार आहे.

मतदानाच्या काही महिने आधी, जानेवारी १९३८ मध्ये, त्याला एक स्वप्न पडलं. डोंगराला वळसा घालून एक सुंदर आगगाडी येते. लहानथोर सगळे तिच्यात चढायला धावतात, कुणाला थांबवता येत नाही. तेवढ्यात आवाज ऐकू येतो की ही गाडी नरकाला चालली आहे. त्याचा अर्थ त्याने पुढे वहीत लिहून ठेवला. ती गाडी म्हणजे नाझी राजवट आणि तिच्या सगळ्या संघटना.

आता कुणी म्हणेल, चर्च त्याच्या पाठीशी असेल. नव्हतं. ऑस्ट्रियाच्या बिशपांनी त्याच मतदानात ‘हो’ म्हणण्याच्या बाजूने निवेदन काढलं आणि व्हिएन्नाच्या कार्डिनल इनित्सर यांनी सोबतच्या पत्रावर स्वतःच्या हाताने ‘हाइल हिटलर’ लिहिलं. गंमत अशी की, १९३३ मध्ये याच भागातले लिंझचे बिशप ग्फोलनर यांनी पत्रक काढून बजावलं होतं की, चांगला कॅथलिक आणि खरा नाझी हे दोन्ही एकाच वेळी होता येत नाही. पाच वर्षांत ते पत्रक सगळे विसरले. फ्रान्झ विसरला नाही. त्याचा सगळा हट्ट म्हणजे काही नवा शोध नव्हता. तुम्हीच शिकवलंत ना, मग आता ते खोटं कसं झालं, एवढंच तो विचारत होता.

त्याचे नकार आधी अगदी घरगुती होते. गावाचं प्रमुखपद, आपल्या भाषेत सरपंचपद, देऊ केलं, त्याने घेतलं नाही. पक्षाच्या वर्गणीला पैसे दिले नाहीत. मुलांसाठी सरकार भत्ता देत होतं, तो नाकारला. गारपिटीने पीक गेलं तेव्हाची नुकसानभरपाईही नको म्हणाला. मला या यादीतली गारपीट सगळ्यात बोलकी वाटते. शेतकऱ्याने गारपिटीचे पैसे सोडणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. त्याचं म्हणणं असं असणार की, आज पैसे घेतले तर उद्या तोंड कशाने उघडायचं? भ्रष्ट राजवट माणसाला आधी धमकावत नाही, आधी उपकार करते.

पण तो पहिल्या दिवसापासून ठाम होता, असं मात्र नाही. १९४० मध्ये सैन्यात बोलावणं आलं तेव्हा तो गेला. हिटलरच्या नावाची शपथही घेतली. काही महिने एन्सच्या छावणीत गाडी चालवण्याचं शिक्षण घेतलं. शेतीला माणूस हवा म्हणून गावाच्या प्रमुखाने खटपट करून १९४१ च्या एप्रिलमध्ये त्याला परत आणलं. परतला तो दुसऱ्यांदा न जाण्याचं ठरवूनच. मनोरुग्णांना पद्धतशीर मारलं जातंय, ही बातमी त्याच्या कानावर आली होती. आपल्या गावच्या धर्मगुरूला प्रवचनावरून अटक झालेली त्याने पाहिली होती. आणि रशियावरचा हल्ला हे धर्मरक्षण नसून दुसऱ्याचं घर लुटणं आहे, असं त्याचं मत झालं होतं. दरम्यान तो गावच्या चर्चची देखभाल करू लागला होता. मिस्साची तयारी करायची, अंत्यविधीला हजर राहायचं. त्या वर्षांत गावातल्या कुणाचा तरी मुलगा मेल्याची बातमी वरचेवर येत होती.

मग समजावणाऱ्यांची रीघ लागली. आईने नातेवाईक बोलावले, शेजाऱ्यांना मध्ये घातलं. धर्मगुरूंनी सांगितलं, सत्तेच्या अधीन राहा असं बायबलच सांगतं. शेवटी तो लिंझला बिशपांकडे गेला. ग्फोलनर वारले होते, त्यांच्या जागी फ्लिसर आले होते. फ्रान्झने प्रश्न लिहून नेले होते. बिशपांनी त्याला बायकामुलांची काळजी घे, एवढाच सल्ला दिला. फ्रान्झिस्का बाहेर बसली होती. तो उदास होऊन बाहेर आला आणि म्हणाला, त्यांचीही हिंमत होत नाही, नाहीतर त्यांच्यावरही पाळी येईल. हे तिनेच पुढे सांगितलं.

इथे थांबायला हवं, कारण बायकामुलांचा हा युक्तिवाद फालतू नाही. ‘तुझ्या लेकरांचं काय?’ असं विचारणारी माणसं दुष्ट नव्हती. तोवर तीन मुली झाल्या होत्या, धाकटी तर अगदी लहान. बाप म्हणून, नवरा म्हणून माणसाचं पहिलं कर्तव्य घराचं की नाही? फ्रान्झचं उत्तर असं होतं की, बायकामुलं आहेत म्हणून देवाचा अपराध करायला मोकळीक मिळत नाही. ज्यांना आपण मारायला जाणार, त्यांनाही बायकामुलं असतात, हा मुद्दा मी माझ्या पदरचा घालतो. तरी मला हे उत्तर पूर्ण पचत नाही. ते त्यालाही सहज पचलं असावं, असं त्याच्या पत्रांवरून वाटत नाही. तुरुंगातून तो घरी लिहितो ते पेरणी-कापणीचं, मुलींचं, आपल्यामुळे तुम्हाला काय सोसावं लागतंय याचं.

१ मार्च १९४३ ला तो एन्सला हजर झाला आणि लढणार नाही असं सांगितलं. लपून बसला नाही, कारण मग घरच्यांना त्रास झाला असता. आधी लिंझचा तुरुंग, मे महिन्यात बर्लिनचा टेगेल. जखमींची शुश्रूषा करायला मी तयार आहे, असं त्याने सांगितलं. ते मान्य झालं नाही. ६ जुलैला लष्करी न्यायालयाने मृत्युदंड दिला. अशा नकारापायी मारले गेलेले बहुतेक जण यहोवाचे साक्षीदार पंथाचे होते. कॅथलिक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आपल्या आधी फ्रान्झ राइनिश नावाच्या धर्मगुरूनेही शपथ नाकारून हेच मरण पत्करलं, हे त्याला तुरुंगात कळलं तेव्हा त्याला फार धीर आला. इतके दिवस त्याला वाटत होतं की आपण एकटेच.

जुलैमध्ये फ्रान्झिस्का गावच्या धर्मगुरूंना घेऊन बर्लिनला गेली. शेवटची भेट. ती आधी त्याला विनवत आली होती, जाऊ नकोस असं नाही, नकार देऊ नकोस असं. नंतर तिने ते सोडून दिलं. मीही त्याच्या बाजूने उभी राहिले नसते तर त्याला कुणीच उरलं नसतं, असं ती म्हातारपणी सांगायची. ९ ऑगस्टला ब्रांडेनबुर्गमध्ये दुपारी चार वाजता गिलोटिनने त्याचं डोकं उडवलं. वय छत्तीस.

युद्ध संपलं, नाझी गेले. आता तरी गाव म्हणेल की तो बरोबर होता? कसं म्हणेल? ज्या घरांतली मुलं आघाडीवर मेली, त्यांनी याला खरा मानायचं तर आपली मुलं कशासाठी मेली हा प्रश्न त्यांच्या अंगावर येणार. १९४६ मध्ये लिंझच्या धर्मप्रांताच्या पत्रात त्याच्यावर लेख यायचा होता. बिशप फ्लिसर यांनी तो छापू दिला नाही. आपलं कर्तव्य समजून प्रामाणिकपणे लढून मेलेले तरुण हे त्यांना अधिक मोठे वीर वाटत होते. यात नुसता भित्रेपणा दिसत नाही मला. त्यांना शेकडो आयांना तोंड द्यायचं होतं. पण ते तोंड देण्याची किंमत एका बाईने मोजली.

तिला पेन्शनही नाकारली गेली. नवरा सैनिक म्हणून मेला नव्हता, आणि ऑस्ट्रियासाठी लढला असंही म्हणता येत नव्हतं. ती १९५० मध्ये सुरू झाली. तोवर शेत, सासू आणि तीन मुली तिने एकटीने ओढल्या. गावाच्या लेखी दोष तिचाच होता. तिच्याच नादाने तो असा झाला ना!

बाहेरच्या जगाला तो कळला गॉर्डन झान या अमेरिकन समाजशास्त्रज्ञामुळे. त्याचं पुस्तक १९६४ मध्ये आलं. बर्लिनच्या न्यायालयाने १९९७ मध्ये मृत्युदंड रद्द ठरवला, माणूस मेल्यावर चौपन्न वर्षांनी. २६ ऑक्टोबर २००७ ला लिंझच्या कॅथीड्रलमध्ये चर्चने त्याला ‘धन्य’ घोषित केलं, म्हणजे संतपदाच्या अलीकडची पायरी. टेरेन्स मॅलिकचा सिनेमा २०१९ चा. त्यातले डोंगर फार सुंदर आहेत, जरा जास्तच.

२००७ च्या त्या समारंभाला फ्रान्झिस्का हजर होती, वय चौऱ्याण्णव. पुढे शंभरी गाठून २०१३ मध्ये ती वारली. त्याची राख १९४६ मध्येच गावी आली होती. ९ ऑगस्टला, मरणाच्या तिसऱ्या वर्षदिनी, चर्चच्या भिंतीला लागून ती पुरली. तो तुरुंगात गेल्यापासून त्या चर्चची देखभाल फ्रान्झिस्काच करत होती.