कोकण आडवं पाहावं

आठवड्याभरात समुद्र आणि डोंगर दोन्ही करायचे ठरले की बहुतेक जण नकाशावर उभी रेघ ओढतात. अलिबाग, मुरूड, दापोली, गणपतीपुळे, मालवण, आणि दिवस उरलाच तर परतताना आंबोली. कोकणातली जुनी ये-जा मात्र आडवी होती. खाडीच्या आतलं बंदर, बंदरामागचा घाट आणि घाटापलीकडची पेठ यांचा मिळून एक व्यवहार चाले. कल्याणमागे नाणेघाट आणि जुन्नर, चिपळूणमागे कुंभार्ली आणि कराड, राजापूरमागे अणस्कुरा आणि कोल्हापूर. मीठ, नारळ, सुकी मासळी बैलांच्या पाठीवरून वर चढे. धान्य आणि गूळ खाली उतरे. नाणेघाटाच्या लेण्यातल्या सातवाहनांच्या ब्राह्मी लेखात यज्ञांची आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापणांची यादी आहे. राजघराण्याने आपल्या दानाचा हिशेब कोरला तो ऐन खिंडीच्या तोंडाशी. बाहेरचा दगडी रांजण जकातीचा होता असं परंपरा सांगते. ती बाजूला ठेवली, तरी या वाटेचं मोल राज्यकर्ते ओळखून होते एवढं त्या भिंतीवरून कळतं.

सावित्रीच्या खोऱ्यात हे सगळं एकाच नजरेत येतं. नदी महाबळेश्वरी उगम पावते आणि बाणकोट-हरिहरेश्वराशी समुद्राला मिळते. मध्ये महाड. तिथली गांधारपाले लेणी वाहत्या वाटेच्या कडेला आहेत, आडरानात नव्हेत. महाडमागच्या पार घाटावर जावळीच्या मोऱ्यांची पकड होती. शिवाजी महाराजांनी १६५६ मध्ये जावळी घेतली आणि घाटावर नजर ठेवायला प्रतापगड बांधला; तीन वर्षांनी अफझलखान वाईहून आला तो याच बाजूने. पुढे १७५६ मध्ये बाणकोट इंग्रजांकडे गेलं. १८२८ च्या सुमारास मुंबईचा गव्हर्नर माल्कम याने महाबळेश्वर वसवलं, तेव्हा मुंबईच्या साहेबांना नवी वाट शोधावी लागली नाही. बोटीने बाणकोट, खाडीतून दासगाव-महाड आणि तिथून पालखीने घाट. समुद्र आणि डोंगर एका प्रवासात जोडण्याची हौस आजची नाही, याला ही वाट पुरावा म्हणून पुरेशी आहे.

यावर कोणी म्हणेल, किनाऱ्याने उभी वाहतूकही जुनीच होती; पतेमाऱ्या आणि पुढे मुंबई-गोवा बोटी चालतच होत्या. खरं आहे, पण ती समुद्रातून होती. जमिनीवर दर काही कोसांना खाडी आडवी येई. आजही वेसवीहून बागमांडल्याला गाडी तरीने न्यावी लागते. मुंबई-गोवा महामार्गावरचा महाडजवळचा सावित्रीचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेला आणि किती बळी घेऊन गेला ते सर्वांना आठवतं. बोगदे आणि पुलांवर उभी असलेली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली ती १९९८ मध्ये. म्हणजे उभा जमिनीवरचा प्रवास सोपा झाला तो अगदी अलीकडे, आणि तेवढ्यात आपण त्यालाच कोकण पाहणं म्हणू लागलो.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी: सहलीला जाणाऱ्याला मीठ विकायचं नसतं, त्याला किनारे हवे असतात, मग बैलांच्या वाटेशी त्याचा काय संबंध? संबंध दिवसांच्या हिशेबाचा आहे. उभ्या बेतात सातातले निम्मे दिवस गाडीत जातात आणि डोंगर दुरूनच दिसतो. आडव्या बेतात हरिहरेश्वर, महाड, रायगड, प्रतापगड, महाबळेश्वर आणि वाई एका खोऱ्याच्या आसपास बसतात, आणि समुद्रसपाटीपासून साडेचार हजार फुटांपर्यंतचा बदल पिकांत, घरांच्या छपरांत आणि ताटातही दिसतो. अट एकच, ऋतू. जुलै २०२१ च्या पावसात दरडी कोसळून महाबळेश्वरला चढणारा आंबेनळी घाट बरेच दिवस बंद राहिला होता. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच जा, आणि समुद्राकडून वर चढा.