तीर्थक्षेत्रीच्या वह्या आणि आपली वंशावळ

१७३४ मध्ये बडोदे गायकवाडांकडे आले. १८१८ मध्ये इंदूर होळकरांची राजधानी झाले. या संस्थानांच्या आश्रयाने अनेक मराठी कुटुंबे येथे स्थिरावली. कालांतराने मूळ गाव सुटले; आडनाव आणि कुलदैवत तेवढे उरले.

तरीही पूर्वजांचा माग पुसलेला नाही. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया येथील तीर्थोपाध्याय यात्रेस आलेल्या यजमानाचे नाव, मूळ गाव, वाडवडील व मुले यांची नोंद आपल्या वहीत करून घेत. वही निघते ती आडनाव व गाव यांवरून; म्हणून शोधाचा आरंभ घरातील वडीलधाऱ्यांपासून करावा. मूळ गावाचे नाव त्यांच्यासह विस्मृतीत गेले, तर वह्या असूनही निरुपयोगी ठरतील. जुन्या नोंदी पुष्कळदा मोडी लिपीत असल्याने जाणकाराचे साहाय्य घ्यावे.

या वंशावळी बहुधा पुरुषांच्या नावांनीच पुढे जातात. लेकी सासरी गेल्या, की त्यांची शाखा तेथेच थांबते. आपल्या शाळेचे साठ वर्षांचे जनरल रजिस्टर मात्र मुलामुलींची नावे सारख्याच अक्षरात जपून आहे. उद्याच्या संशोधकासाठी तीही एक वहीच आहे. तिचे जतन हे आपले कर्तव्य होय.