फवारणीतील स्टिकर : प्रमाण वाढवल्याने फायदा का वाढत नाही?

भात, कोबी, कांदा यांच्या पानांवर मेणचट थर असतो. त्यावर साध्या पाण्याचा थेंब गोल राहून घरंगळतो. म्हणून फवारणीच्या द्रावणात स्टिकर-स्प्रेडर मिसळतात. यातील मुख्य घटक म्हणजे पृष्ठसक्रिय पदार्थ, अर्थात सरफॅक्टंट.

कार्य कसे चालते?
२५ अंश सेल्सिअसला पाण्याचा पृष्ठताण सुमारे ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर असतो. सरफॅक्टंटमुळे तो साधारण ३० पर्यंत उतरतो आणि थेंब पानावर पसरतो. मात्र ठरावीक प्रमाणानंतर जादा रेणू द्रावणातच एकत्र येऊन पुंजके करतात. त्यांना मिसेल म्हणतात. त्यापुढे पृष्ठताण फारसा कमी होत नाही. जादा स्टिकरचा खर्च वाया जातो, द्रावण पानावरून ओघळते आणि पाने करपण्याचा धोका वाढतो.

हे पुंजके कसे पाहतात?
मिसेल काही नॅनोमीटरचे असल्याने साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाहीत. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात निर्वात लागतो, तेथे पाणी उडून जाते. त्यामुळे द्रावणाचा पातळ थर क्षणात गोठवून पाहतात. या क्रायो तंत्राच्या विकासासाठी २०१७ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. केसाएवढ्या बारीक वाहिन्यांच्या मायक्रोफ्लुइडिक चिपमध्ये दोन द्रावणे मोजून मिसळून लगेच गोठवली, तर मिसळतानाचे बदलही टिपता येतात. क्षार, तापमान व प्रमाण बदलले की पुंजक्यांचा आकारही बदलू शकतो.

शेतात काय करावे?
मिरा-भाईंदरमधील उत्तन, राई, मुर्धा यांसारख्या समुद्र-खाडीलगतच्या गावांत पाण्याचा खारटपणा आधी तपासावा. साबणाचा वापर स्टिकर म्हणून करू नये. जड पाण्यात त्याचा साका होतो.

- मात्रा लेबलप्रमाणेच घ्यावी. उदा. लेबलवर लिटरला ०.५ मिली असल्यास १५ लिटर पंपाला ७.५ मिली. झाकणाने अंदाज न घेता मापाने मोजावे.
- आधी बरणीत थोडे द्रावण करून अर्धा तास ठेवावे. साका किंवा गुठळ्या दिसल्यास ते मिश्रण वापरू नये.
- फेस टाळण्यासाठी स्टिकर शेवटी मिसळावा.
- प्रथम चार-पाच झाडांवर फवारावे. थेंब पसरले, पण ओघळले नाहीत, तर प्रमाण योग्य समजावे. दोन दिवसांनी पाने करपली नसल्याची खात्री करूनच पूर्ण क्षेत्रावर फवारणी करावी.
- सिलिकॉनयुक्त स्टिकरचे द्रावण त्याच दिवशी संपवावे. आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी पाण्यात त्याचे लवकर विघटन होते.