टाकीपासून तेलाच्या करवतीपर्यंत : यवतमाळ परिसरातील दगडकाम आणि त्यातून उडणारा कण

यवतमाळ जिल्ह्यातील दगडकामाचा इतिहास लिहिताना विचार होतो तो घडवलेल्या दगडाचा. देवळे, बारवा, गढ्या, जाती आणि पाटे यांची नोंद केली जाते, परंतु घडवताना जो दगड कारागिराच्या हाताखालून उडून गेला त्याचे काय झाले, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. वास्तविक दगड कापण्याच्या कलेचा अर्धा इतिहास या उडालेल्या दगडाचाच आहे. हत्यार जसजसे सुधारत गेले तसतसा दगडापासून सुटणारा कण बारीक होत गेला, तो आवरण्यासाठी आधी पाणी आणि पुढे तेल वापरात आले, आणि तेलाने धूळ बसवली तरी वेगाने फिरणाऱ्या पात्यावरून त्याचेच धुके उठू लागले. हा क्रम समजून घेण्यासाठी यवतमाळ सोयीचा जिल्हा आहे, कारण दगडाचे अगदी वेगवेगळ्या स्वभावाचे प्रकार येथे एकाच जिल्ह्याच्या हद्दीत सापडतात.

जिल्ह्याचा बहुतांश भाग दख्खनच्या काळ्या पाषाणाने, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेल्या बेसाल्टने व्यापलेला आहे. झरी-जामणी तालुक्यातील शिबला-पारडी परिसरात तर हा बेसाल्ट षट्कोनी खांबांच्या रूपात उभा आढळतो. पूर्वेकडे वणी, मारेगाव आणि झरी-जामणीच्या पट्ट्यात मात्र लाव्ह्याचे आवरण विरळ होते आणि त्याखालचे कितीतरी जुने थर, म्हणजे पैनगंगा समूहाचा चुनखडक आणि गोंडवन काळातील वालुकाश्म व कोळसा, उघडे पडतात. राजूरच्या चुनाभट्ट्या आणि वणी परिसरातील खाणी या पूर्वेकडच्या भूगोलाचीच देणगी आहेत. बेसाल्टच्या पोकळ्यांत पुढे साचलेल्या सिलिकेपासून अकीक, गारगोटी आणि स्फटिक तयार झाले, आणि ते खडक झिजल्यावर ओढ्यानाल्यांच्या गोट्यांत मिसळले.

या प्रकारांमधील फरक कारागिराच्या फुप्फुसाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. बेसाल्टमध्ये सिलिकेचे प्रमाण निम्म्याच्या आसपास असले तरी ती बहुतेक फेल्डस्पार आणि पायरोक्सीन या खनिजांत बांधलेली असते. वालुकाश्मात ती क्वार्ट्झच्या कणांच्या रूपाने मोकळी असते. आणि अकीक म्हणजे तर जवळजवळ निव्वळ सिलिकाच. मोकळ्या सिलिकेचे अतिसूक्ष्म कण श्वासावाटे आत जाऊन फुप्फुसात घट्ट व्रण तयार करतात. या असाध्य विकाराला सिलिकोसिस म्हणतात आणि त्याच्या पाठोपाठ क्षयरोगही सहज येतो. म्हणजे एकाच जिल्ह्यात दिवसभर टाकी चालवणाऱ्या दोन कारागिरांना, त्यांच्यापुढील दगड कोणता यावरून, निरनिराळ्या प्रमाणात धोका होता.

विदर्भात कठीण दगड कापण्याची परंपरा लोहयुगापर्यंत मागे नेता येते. नागपूरजवळचे माहूरझरी हे बृहदश्मयुगीन स्थळ मणी घडवण्याचे मोठे केंद्र होते, शां. भा. देव यांच्या मार्गदर्शनाखाली १९७०च्या सुमारास तेथे उत्खनन झाले, आणि अकीक, कार्नेलियन, स्फटिक यांचे पूर्ण झालेले मणी, अर्धवट घडलेले मणी आणि छिलके तेथे एकत्र मिळाले. वर्धा नदीच्या काठावरील कौंडिण्यपूर येथे उत्खनन करणारे मो. गं. दीक्षित हे तर भारतीय मण्यांचे विशेषज्ञच होते. यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी आणि पाचखेड येथील उत्खननांनीही प्राचीन वस्तीचे थर उघड केले आहेत. गोटा तापवणे, टोकदार आधारावर धरून त्याचे छिलके काढणे, सहाणेवर घासणे, आणि दोरीच्या कमानीने फिरवायच्या सामत्याने भोक पाडणे असा हा क्रम होता, आणि गुजरातेतील खंबायतच्या कारागिरांनी तो विसाव्या शतकापर्यंत जिवंत ठेवल्यामुळे पुरातत्त्वज्ञांना त्याचा प्रत्यक्ष अभ्यास करता आला. भोक पाडताना टोकावर थेंब थेंब पाणी सोडावे लागे, आणि मोठा गोटा कापायचा असेल तर दाते नसलेली लोखंडी पट्टी कुरुंदाच्या, म्हणजे हिऱ्याखालोखाल कठीण अशा खनिजाच्या, ओल्या पुडीवरून मागे-पुढे ओढली जाई. या पद्धतीत कापणारी पट्टी नसून पूड असते, पट्टी केवळ तिला रेटते. आणि सगळे काम ओल्या चिखलात, हाताच्या गतीने होत असल्यामुळे हवेत उडण्याइतका वेग कशालाच मिळत नाही. धुळीच्या दृष्टीने दगड कापण्याची याहून निर्धोक पद्धत नंतर क्वचितच निर्माण झाली. मात्र छिलके काढणे आणि कोरडे घासणे ही कामे त्या काळीही निर्धोक नव्हती.

तेराव्या शतकात यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हेमाडपंती बांधणीने बेसाल्टचे काम गावोगावी पोहोचवले. चुन्याशिवाय दगडावर दगड बसवायचा असल्यामुळे सांध्याचा प्रत्येक पृष्ठभाग टाकीने काटेकोर करावा लागे. यवतमाळजवळच्या लोहारा येथील शिवालय आणि पुसदची जुनी देवळे या बांधणीची उदाहरणे आहेत. देवळे उभारण्याचे युग संपल्यावरही पाथरवट आणि वडार यांची टाकी थांबली नाही; जाते, पाटा-वरवंटा, उखळ यांची मागणी कायम होती, आणि झिजलेले जाते टाकवून देणे हा तर फिरस्तीचा स्वतंत्र धंदाच होता. टाकीच्या कामात उडणारा कण बहुधा जाड असतो, तो डोळ्याला इजा करतो, पण छातीपर्यंत पोहोचण्यापूर्वी जमिनीवर पडतो. शिवाय काम उघड्यावर चालते.

१८५३ नंतर वऱ्हाड इंग्रजी अमलाखाली आले, आणि १९०५पर्यंत 'वून' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात सडका, पूल आणि मूर्तिजापूरहून येणारी अरुंद रेल्वे यांसाठी खडीची गरज एकाएकी वाढली. खडी फोडणाऱ्या हातोड्याची जागा पुढे यंत्राने घेतली आणि दगडाचे पीठ प्रथमच मोठ्या प्रमाणावर हवेत गेले. या टप्प्याची धूळ सर्वांच्या परिचयाची आहे. क्रशरजवळच्या शेतातील पराटीच्या पानांवर ती दिसतेच.

बारीक दगडाच्या कामात बदल घडवला तो चाकाने. जर्मनीतील इदार-ओबरश्टाइन येथे पाणचक्कीवर फिरणाऱ्या वालुकाश्माच्या प्रचंड चाकांसमोर कारागीर लाकडी बाकावर पालथे पडून अकीक घासत, आणि चाकावर पाणी पडत असूनही छातीच्या विकारांनी ग्रस्त होत. खंबायतमध्ये विजेवर फिरणारी सहाण आली तेव्हा तर घरच्या ओट्यावरच कोरडे घासणे सुरू झाले. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने तेथील कारागिरांत सिलिकोसिसचे मोठे प्रमाण नोंदवले आणि सहाणेलगत धूळ ओढून घेणारी साधने तयार करून दिली. हात जे काम सावकाश करत होता तेच काम यंत्राने वेगात केले, आणि वेगाबरोबर आलेली धूळ हीच खरी किंमत ठरली.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, विशेषतः अमेरिकेत, कडेला हिऱ्याची पूड बसवलेल्या पातळ पोलादी चकतीची करवत रत्नदगड कापणाऱ्यांमध्ये प्रचारात आली, आणि १९५४ साली कृत्रिम हिरा तयार झाल्यावर अशी पाती स्वस्त झाली. खडकाचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासणाऱ्या भूवैज्ञानिक प्रयोगशाळांनाही हीच करवत लागते. मोठा गोटा कापताना पात्याच्या खाली तेलाचे कुंड ठेवतात. पात्याची कड त्यात बुडून तेल वर आणते, आणि ते तेल हिऱ्याचे टोक थंड ठेवते, पोलादाला गंज चढू देत नाही आणि कापलेला दगड गाळाच्या रूपाने खाली नेते. येथे धूळ जवळजवळ नाहीशी होते, पण अडचण पुढे सुरू होते. फिरणारे पाते तेलाचे थेंब भिरकावते, आणि कापाच्या जागी उष्णतेने वाफ झालेले तेल थंड होऊन आणखी बारीक थेंब बनवते. दहा मायक्रॉनचा थेंब, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा, स्थिर हवेत एक मीटर खाली येण्यास सहा-सात मिनिटे घेतो. एक मायक्रॉनच्या थेंबाला त्याच अंतरासाठी सुमारे नऊ तास लागतात. या तरंगत्या थेंबांना तेलाचे धुके म्हणतात, आणि त्यांच्यासोबत दगडाचे सूक्ष्म कणही श्वासात जातात.

हे धुके कमी करण्याचे उपाय बहुतांशी स्वस्त आहेत, म्हणूनच कदाचित त्यांच्याकडे दुर्लक्ष होते. पात्याची फक्त कड बुडेल एवढेच तेल ठेवावे. कुंड भरून ठेवल्याने काप सुधारत नाही, उडणारे तेल मात्र वाढते. बोथट पाते कापण्याऐवजी घासते आणि तापते, म्हणून त्याला वेळोवेळी धार आणावी लागते, आणि दगड पात्यावर जोराने रेटणे टाळावे लागते. करवतीवर घट्ट झाकण असावे, त्याच्या फटींना रबरी पट्ट्या असाव्यात, आणि काप संपताच झाकण उघडण्याची घाई करू नये. आतली हवा बाहेर काढायची असेल तर ती गाळणीतून काढावी, नुसत्या पंख्याने दुसऱ्याच्या अंगावर सोडू नये. राहता राहिले तेल. केरोसीन किंवा डिझेल मिसळून तेल पातळ करण्याची सवय जुनी आहे, पण ज्या तापमानाला तेलाची वाफ ठिणगीने पेटू शकते तो ज्वलनबिंदू केरोसीनच्या बाबतीत ४० अंश सेल्सिअसच्या आसपास असतो, आणि यवतमाळच्या मे महिन्यात हवाच तेवढी तापलेली असते. उष्णतेने कोणतेही तेल पातळ होते आणि पातळ तेलाचे धुके अधिक. त्यामुळे थंड देशांतील कारागिरांनी ठरवलेला तेलाचा दाटपणा विदर्भात जसाच्या तसा चालत नाही, येथे उन्हाळ्यात काहीसे दाट, शुद्ध केलेले आणि उच्च ज्वलनबिंदूचे खनिज तेलच घ्यावे लागते. लहान तुकड्यांसाठी पाण्यावर चालणारी करवत हा पर्याय आहेच. पाण्याचे तुषारही दगडाचा कण वाहतात, मात्र तेथे निदान आगीची भीती नसते.

कायद्याने या धुक्याची दखल उशिरा घेतली. कारखाना अधिनियम, १९४८ मध्ये सिलिकोसिस हा कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांत मोडत होता, परंतु कामाच्या जागेच्या हवेतील घातक पदार्थांची मर्यादा सांगणारी अनुसूची १९८७च्या दुरुस्तीने जोडली गेली. खनिज तेलाच्या धुक्यासाठी तीत आठ तासांच्या सरासरीने दर घनमीटरला ५ मिलिग्रॅम ही मर्यादा दिली होती. मूळ अधिनियम यांत्रिक शक्ती वापरणाऱ्या जागेत किमान दहा आणि न वापरणाऱ्या जागेत किमान वीस कामगार असले तरच लागू होत असे, त्यामुळे दोन-चार माणसांच्या बळावर चालणारे दगड कापण्याचे दुकान, मग ते खंबायतचे असो वा विदर्भातील, या मर्यादेच्या बाहेर राहिले. अशा दुकानात धुक्याचे प्रमाण ठरवतात ते कुंडातील तेलाची उंची, पात्याची धार आणि करवतीचे झाकण, आणि या तिन्ही गोष्टी आजही मालकाच्याच हाती आहेत.