‘सहभागी करून घेणे’ : मुंबईतील रस्त्यावरची मुले आणि पुनर्वसनाची भाषा

मुंबईतील रस्त्यावरच्या मुलांसाठी झालेल्या कार्याचा इतिहास सहसा संस्थांच्या स्थापनावर्षांनी सांगितला जातो. मुलाच्या वतीने कोण बोलले, या प्रश्नाने तो वाचला असता त्याचे टप्पे वेगळे पडतात. १८५०च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्यानुसार दहा वर्षांवरील मुलास धंदेशिक्षणासाठी करारबद्ध करता येई. करार बापाने किंवा पालकाने करावयाचा; मूल अनाथ, टाकलेले वा भटकेपणाबद्दल दोषी ठरलेले असल्यास दंडाधिकारी पालकाच्या जागी उभा राही. १८५७मध्ये सुरू झालेली आणि पुढे डेव्हिड ससून यांच्या नावाने ओळखली गेलेली सुधारशाळा याच विचारातून आली. १९२४चा मुंबई बालक कायदा आणि १९२७मध्ये स्थापन झालेली बालसाहाय्य संस्था यांनी दृष्टी बरीच उदार केली. तथापि मुलाला विचारावे, ही कल्पना त्यांत नव्हती.

‘पुनर्वसन’ हा शब्दच येथे तपासण्याजोगा आहे. मराठीत तो मुख्यतः धरणग्रस्तांच्या संदर्भात रुळला. तेथे आधीचे गाव होते आणि ते पाण्याखाली गेले, हे सर्वांना मान्य असते. फलाटावर राहणाऱ्या मुलाच्या बाबतीत मात्र त्याचे आधीचे ‘वसन’ कोणते, हे ठरवणारा दुसराच असतो. पुष्कळदा ज्या घरातून ते पळाले तेच घर पुनर्वसनाचे ठिकाण मानले जाते. ‘सहभागी करून घेणे’ या प्रचलित प्रयोगातही कर्ता संस्था आहे, मूल कर्म आहे. व्याकरणाने ही गोष्ट धोरणापेक्षा प्रामाणिकपणे सांगितली आहे.

या संदर्भात रेणू गावस्कर यांच्या ‘आमचा काय गुन्हा?’ या पुस्तकाचे शीर्षक लक्षणीय ठरते. डेव्हिड ससून शाळेतील मुलांमध्ये केलेल्या कामाचे हे कथन शिक्षिकेचे आहे. शीर्षकातील सर्वनाम मुलांचे आहे. मराठीतील ‘आपण’ ऐकणाऱ्यास सामावून घेते, ‘आम्ही’ त्यास बाहेर ठेवते. प्रश्न विचारणाऱ्या मुलांच्या पंक्तीत वाचकाला स्थान नाही आणि काटेकोरपणे पाहिल्यास लेखिकेलाही नाही. उसन्या घेतलेल्या आवाजाचा हा पेच मीरा नायर यांच्या ‘सलाम बॉम्बे’मध्येही (१९८८) आहे. तेथे रस्त्यावरच्या मुलांना कार्यशाळेतून तयार करून त्यांनाच भूमिका दिल्या गेल्या आणि चित्रपटामागोमाग सलाम बालक न्यास उभा राहिला.

खरे वळण १९९६चे. टाटा समाजविज्ञान संस्थेचा क्षेत्रीय प्रकल्प म्हणून जेरू बिलिमोरिया यांनी मुंबईत चाइल्डलाइन सुरू केली. रात्रनिवाऱ्यांतील मुले अडचणीच्या वेळी त्यांना घरी दूरध्वनी करीत. सेवेची गरज त्या दूरध्वनींनीच दाखवून दिली. १०९८ या क्रमांकाचा ‘दस-नौ-आठ’ हा उच्चारही मुलांमधून आला. तो हिंदी आहे, हे ओघाने आले. मुंबईच्या फलाटांवर अनेक प्रांतांची मुले ज्या बोलीत एकमेकांना भेटतात तीच ही बोली. निवाऱ्यातील मुलांनी ती सेवा इतर मुलांपर्यंत नेली. दंडाधिकाऱ्याने ज्याच्या वतीने बोलावे ते मूल येथे स्वतः हाक देते आणि संस्थेने उत्तर द्यावयाचे असते. क्रम उलटला, हे या प्रयोगाचे ऐतिहासिक महत्त्व. २०२३पासून ही सेवा टप्प्याटप्प्याने शासनाकडे गेली आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली गेली.

कायद्याची भाषा यामागून आली. भारताने १९९२मध्ये बालहक्क संहिता स्वीकारली. तिच्या बाराव्या कलमात मुलाचे मत ऐकले जाण्याचा हक्क आहे. १९८६च्या कायद्यातील ‘उपेक्षित बालक’ २००० साली ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ झाले. नाव लांबले, तरी मूल गरजेनेच ओळखले जात राहिले. २००७च्या आदर्श नियमांनी प्रत्येक संस्थेत वयोगटांनुसार तीन बालसमित्या सांगितल्या: ६ ते १०, ११ ते १५ आणि १६ ते १८. दिनक्रम व आहार यांवर त्यांनी मत द्यावे, छळाची वार्ता द्यावी, अशी अपेक्षा होती. या समित्यांना जागा, लेखनसाहित्य आणि मार्गदर्शन पुरवण्याचे काम मात्र संस्थेच्या प्रभारी अधिकाऱ्याकडेच होते. छळाची तक्रार ज्या कागदावर लिहायची, तो कागदही त्याच्याकडूनच मागावा लागे.