गुडघ्यांच्या नावाने

नागपुरात सेमिनरी हिल्सच्या चढावर पहाटे धावणाऱ्याने चाळिशी ओलांडली, की सल्ला ठरलेला: "धावनं सोडा भाऊ आता, गुडघे जातील. सायकल घ्या." जोडीला दाखला डॉ. अमित समर्थ यांचा. या नागपूरकर डॉक्टरांनी २०१७ साली सुमारे ४,८०० किलोमीटरची 'रेस अक्रॉस अमेरिका' एकट्याने बारा दिवसांच्या आत पूर्ण केली. त्याचा अभिमान मलाही आहे, पण दाखला उलटा पडतो. समर्थ 'आयर्नमॅन'ही आहेत, आणि त्या स्पर्धेत १८० किलोमीटर सायकल मारल्यावर अख्खी मॅरेथॉन धावावी लागते.

या पूर्वपक्षाचे गृहीतक असे, की गुडघा टायरसारखा झिजतो. पण सांध्यातली कूर्चा जिवंत असते. तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नाहीत. भार पडतो आणि उठतो तेव्हा तिच्यात पोषक द्रव खेळतो. २०१७ मध्येच अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. गुडघ्याचा किंवा खुब्याचा झिजेचा संधिवात हौशी धावपटूंत ३.५ टक्के, न धावणाऱ्या बैठ्या लोकांत १०.२ टक्के आढळला. स्पर्धेसाठी धावणाऱ्यांत मात्र १३.३, म्हणजे अतिरेकाची भीती खरी आहे. ज्यांचे गुडघे मुळात धड तेच धावत राहतात, हा आक्षेपही रास्त, म्हणून धावण्याने गुडघे वाचतात असे मी म्हणणार नाही. पण हौसेने धावणाऱ्याचे गुडघे जातातच, हे विधान या आकड्यांपुढे उभे राहत नाही.

शिवाय सायकलच्या कैवाऱ्यांना हाडांचा विसर पडतो. हाड भक्कम राहायला पायाखालच्या जमिनीचा हादरा लागतो; खोगिरावर तो जवळजवळ मिळत नाही. अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठाच्या २००८ च्या अभ्यासात कण्याची किंवा खुब्याची हाडे विरळ झालेले सायकलपटू ६३ टक्के निघाले, धावपटू १९ टक्के. अभ्यास लहान होता आणि फक्त पुरुषांचा, तरी कौल स्पष्ट आहे. रजोनिवृत्तीनंतर हाडे झपाट्याने विरळ होतात. त्या वयातल्या बायकांनाही सरसकट सायकलच सुचवली जाते, याची मला खरी काळजी वाटते.

गुडघा आधीच सुजत असेल, वजन फार असेल, तर सायकलच बरी. मे महिन्यात पारा ४५ वर जातो तेव्हा वारा अंगावर घेत जाणारी सायकल सुसह्यही असते. मात्र आठवड्यातून दोनदा वजने उचलण्याचा व्यायाम तिला जोडावा. धावणाऱ्याने अंतर हळूहळू वाढवावे आणि दुसऱ्या दिवशीही न गेलेले दुखणे डॉक्टरांना दाखवावे. आणि सल्ला देणाऱ्याने आधी त्याला विचारावे, की गुडघा दुखतो का.